हेल्मेटचा प्रश्न शेवटी विचारा

सायकलवाला पडल्याचा व्हिडिओ ग्रुपवर आला की पाच मिनिटांत खाली विचारणा होते, ‘हेल्मेट होतं का?’ नव्हतं असं कळलं की विषय संपतो. होतं असं कळलं तर पुढचा प्रश्न तयारच असतो, ‘मग कड सोडून मध्ये कशाला चालवत होता?’ विचारणाऱ्यांना खरोखर काळजी असते. पण हेल्मेटचं काम डोकं जमिनीवर आपटतं तेव्हा सेकंदाच्या शंभराव्या हिश्शात सुरू होऊन संपतं. त्याआधी दहा-पंधरा सेकंद वेग, वळण, उजेड, ब्रेक आणि रस्त्याची कड या गोष्टींनी बरंचसं ठरवून टाकलेलं असतं. साताऱ्यासारख्या चढ-उताराच्या गावात तर फारच. म्हणून हा लेख त्या दहा-पंधरा सेकंदांबद्दल आहे.

आधी हेल्मेट म्हणजे काय ते पाहू. आतला पांढरा किंवा काळा थर हा दाट थर्माकोल असतो. डोकं आदळलं की तो चेपतो, आणि डोकं दोन-तीन मिलिमीटरऐवजी दीड-दोन सेंटिमीटर अंतरात थांबतं. थांबायचं अंतर सात-आठपट झालं की मेंदूला बसणारा झटका साधारण सातवा-आठवा हिस्सा होतो. एवढंच त्याचं शास्त्र, पण ते पक्कं आहे. युरोपातल्या ईएन १०७८ या मानकाच्या चाचणीत हेल्मेट घातलेलं नकली डोकं सुमारे दीड मीटरवरून सपाट पृष्ठभागावर सोडतात. आदळताना त्याचा वेग ताशी साडेएकोणीस किलोमीटरच्या आसपास असतो. म्हणजे सायकलवरून तोल जाऊन डोकं रस्त्यावर आपटलं, तर त्यासाठी हे यंत्र बनवलेलं आहे. ताशी ६० च्या वेगाने मागून येणाऱ्या गाडीसाठी किंवा अंगावरून जाणाऱ्या चाकासाठी ते बनवलेलंच नाही. हेल्मेट घालावं, रोज घालावं. पण त्याच्या भरवशावर बाकीचे प्रश्न सोडून देऊ नयेत.

आता वेग. पोवई नाक्याकडून राजवाड्याकडे जाणाऱ्या राजपथावर एक मूल सायकल घेऊन गल्लीतून अचानक बाहेर आलं, असं समजा. गाडीवाला सावध आहे. दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत त्याला दीड सेकंद लागतो. वेग ताशी ३० असेल तर या दीड सेकंदात गाडी साडेबारा मीटर पुढे जाते, ब्रेक लागल्यावर आणखी पाच मीटर. एकूण साडेसतरा मीटरमध्ये थांबते. वेग ५० असेल तर नुसत्या दीड सेकंदातच जवळपास २१ मीटर जातात, आणि थांबेपर्यंत एकूण ३५ मीटर लागतात. हे आकडे कोरड्या रस्त्याचे आणि चांगल्या ब्रेकचे आहेत. याचा अर्थ नीट लक्षात घ्या: ३० वाला ज्या जागी थांबून उभा आहे, त्या जागेवरून ५० वाला ब्रेक न दाबता, पूर्ण वेगाने पुढे जातो. मूल तेच, गल्ली तीच, चालकाचं लक्षही तेवढंच. ‘हळू चालवा’ हा उपदेश वाटतो, पण त्याच्या मागे हा साधा हिशेब आहे.

चालक पाटी वाचून वेग ठरवत नाही, रस्ता बघून ठरवतो. रुंद, सरळ, मोकळा रस्ता दिसला की पाय आपोआप खाली जातो. वळणाचंही तसंच आहे. दहा मीटर त्रिज्येच्या कोपऱ्यावरून गाडी आरामात ताशी २० ने वळते. तोच कोपरा ‘मोठ्या गाड्यांची सोय’ म्हणून कापून वीस मीटर त्रिज्येचा केला की तीच गाडी २७-२८ ने वळते. डाव्या बाजूने सरळ जाणाऱ्या सायकलवाल्याला आडवी येणारी गाडी बहुतेक वेळा अशाच पसरट कोपऱ्यावर सापडते. चौक मोठा केला म्हणून कौतुक करताना ही बाजू फारशी कोणाच्या बोलण्यात येत नाही.

गतिरोधकाची गोष्ट त्याहून जवळची. रस्त्यांची मापं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या १९८८ च्या मार्गदर्शिकेत गोल गतिरोधकाचं माप दिलं आहे: रुंदी ३.७ मीटर, उंची १० सेंटिमीटर, गाड्या साधारण ताशी २५ ने त्यावरून जाव्यात हा हेतू. म्हणजे तो लांब, बुटका उंचवटा असायला हवा. आपल्या गल्लीबोळांत जे असतात ते फूट-दीड फूट रुंदीचे, उंच आणि उभ्या कडांचे. असा गतिरोधक चारचाकीचं फारसं बिघडवत नाही, पण सायकलच्या पुढच्या चाकाला सरळ ठोकर देतो. शिवाय पाणी जायला म्हणून कडेला हातभर फट ठेवलेली असते. सायकलवाला त्या फटीतून जायला बघतो आणि त्याच क्षणी मागून दुचाकीवालाही त्याच फटीकडे झुकतो. दोघेही शहाणे, दोघेही दणका चुकवतायत, आणि टक्कर त्या फटीत होते. अशा ठिकाणी वीस-पंचवीस मीटर आधीच मागे बघून, हात दाखवून, वेग कमी करून गतिरोधकाच्या मधल्या भागावरून काटकोनात जावं. तिरकं गेलं की ओल्या रंगावर चाक सरकतं. पांढरा जाड पट्टा पावसात साबणासारखा होतो, हे झेब्रा पट्ट्यांनाही लागू आहे.

गटारावरच्या लोखंडी जाळ्यांकडेही लक्ष द्या. जाळीच्या पट्ट्या रस्त्याच्या दिशेने असतील तर अडीच-तीन सेंटिमीटर रुंदीचं टायर फटीत उतरतं आणि सायकल जागच्या जागी थांबते. माणूस मात्र थांबत नाही. हीच जाळी नव्वद अंशात फिरवून बसवली की धोका संपतो. पट्ट्या आडव्या हव्यात, एवढंच.

‘कडेने चालवावी’ हे मत सगळ्यांत जास्त ऐकू येतं, आणि ते अर्धंच बरोबर आहे. अगदी कडेला खडी, काच, साइडपट्टीचा तुटलेला काठ आणि उभ्या गाड्यांचे दरवाजे असतात. गाडीचा दरवाजा पूर्ण उघडला की साधारण मीटरभर बाहेर येतो. म्हणून उभ्या गाड्यांच्या रांगेपासून किमान मीटर-सव्वा मीटर अंतर ठेवून सरळ रेषेत जायचं, मध्ये मोकळी जागा दिसली म्हणून आत-बाहेर नागमोडी करायची नाही. मागच्या गाडीला तुम्ही सतत एकाच रेषेत दिसलात तर ती तुमचा अंदाज घेऊ शकते. गाड्यांआड जाऊन पुन्हा उगवलात तर नाही. गाडीत बसणाऱ्यांसाठीही एक सोपी सवय आहे. उजवीकडचा दरवाजा डाव्या हाताने उघडायचा. खांदा आपोआप वळतो आणि नजर मागे जाते.

वडाप (वाटेत प्रवासी घेणारी जीप) आणि रिक्षा अचानक डावीकडे येऊन थांबतात, कारण प्रवासी डावीकडे उभा असतो. त्यामुळे समोर वडाप असेल तर तिच्याकडे बघण्याआधी फुटपाथकडे बघा: कोणी हात केला का? हात दिसला की दोन सेकंदांत काय होणार हे तुम्हाला चालकाच्या इंडिकेटरआधी कळतं. एसटी किंवा ट्रक चौकात थांबला असेल तर त्याच्या डाव्या बाजूने पुढे घुसू नका. चालकाच्या केबिनमधून डावा खालचा कोपरा दिसतच नाही, आणि सिग्नल सुटल्यावर तो डावीकडे वळला तर तुम्ही चाक आणि कठडा यांच्यामध्ये अडकता. पाच मिनिटं वाचवायला ही जागा नाही.

ऊस हंगाम सुरू झाला की, म्हणजे साधारण नोव्हेंबरपासून, साताऱ्याच्या रस्त्यांचं स्वरूप बदलतं. शेंद्रे, कोरेगाव, कराड, कुठल्याही बाजूला जा; ट्रॅक्टरला मागे एक सोडून दोन ट्रॉल्या. यात दोन वेगवेगळे धोके आहेत. पहिला वळणाचा. ट्रॅक्टर वळतो तेव्हा मागची ट्रॉली त्याच्या चाकांच्या वाटेने जात नाही, आतल्या बाजूने कापून जाते; दुसरी ट्रॉली त्याहूनही आतून. ट्रॅक्टर तुमच्यापासून दोन मीटरवरून गेला म्हणून ट्रॉलीही तेवढ्याच अंतरावरून जाईल असं धरून चालू नका. डावीकडे वळणारा ट्रॅक्टर दिसला की मागे थांबा, सगळं वळण पूर्ण होऊ द्या.

दुसरा धोका अंधाराचा, आणि तो सायकलवाल्यालाही आहे, दुचाकीवाल्यालाही. ट्रॉलीच्या मागे दिवा असला तरी लोंबणाऱ्या उसाखाली झाकला जातो. उसाच्या टोकाला लाल कापड बांधण्याची पद्धत दिवसा ठीक आहे. रात्री कापड उजेड परत पाठवत नाही, काळंच दिसतं. तिथे हवी ती रेडियम पट्टी. तिच्या पृष्ठभागात बारीक काचमणी किंवा सूक्ष्म प्रिझम असतात, जे आलेला उजेड जिथून आला तिथेच, म्हणजे हेडलाइटच्या दिशेने, परत फेकतात. मंद झोतात काळ्या कपड्यातला माणूस चालकाला तीसेक मीटरवर दिसतो. ताशी ६० वर थांबायला लागतात साधारण ४५ मीटर. चांगली, स्वच्छ रेडियम पट्टी शंभर मीटरच्या पलीकडून चमकते. फरक कुठे पडतो ते यावरून दिसेल. ट्रॉलीच्या मागच्या दोन्ही खालच्या कोपऱ्यांना आणि दोन्ही बाजूंच्या फळ्यांना पट्टी लावावी, आणि खेपेआधी फडक्याने पुसावी. चिखलाचा पातळ थर बसला की पट्टी असून नसल्यासारखी होते. हंगामाच्या दुसऱ्या महिन्यात बहुतेक पट्ट्यांचं हेच झालेलं असतं.

सायकलवर हेच तत्त्व वापरा. भडक नारंगी जॅकेट दिवसा आणि तिन्हीसांजेला उत्तम, रात्री त्याचा रंग मरतो. त्यावर रेडियमचे पट्टे असतील तरच उपयोग. सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत परिणामकारक वस्तू म्हणजे पायडलचे रिफ्लेक्टर. ते वर-खाली हलतात, आणि तशा हालचालीवरून चालकाला ‘हा माणूस आहे, खांब नाही’ हे लगेच कळतं. पायडल तुटल्यावर बदललेल्या नव्या पायडलला ते आहेत का, हे दुकानातच बघा. मागे लाल दिवा सीटच्या खाली, शर्टने किंवा पिशवीने न झाकला जाणारा. लुकलुकणारा दिवा लक्ष वेधतो, पण त्यावरून अंतराचा अंदाज येत नाही. अंधाऱ्या रस्त्यावर स्थिर दिवा ठेवा. जमल्यास एक स्थिर, एक लुकलुकणारा. पुढच्या दिव्याचा झोत सात-आठ मीटरवर रस्त्याला टेकवा. समोरच्याच्या डोळ्यात गेला तर त्याला तुम्ही सोडून काहीच दिसत नाही, आणि तुमच्यापलीकडे चालणारा माणूस तर मुळीच नाही.

आता घाट. समर्थ मंदिराकडून बोगद्याच्या बाजूने यवतेश्वर घाट चढणाऱ्या सायकलींची संख्या वाढली आहे, कासच्या फुलांच्या दिवसांत, ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर, आणखी वाढते. सगळ्यांना चढाची भीती वाटते. चढावर माणूस दमतो, फार तर उतरून चालतो. जखमा उतारावर होतात.

हिशेब करू. माणूस आणि सायकल मिळून ८५ किलो, उतरायची उंची ४०० मीटर. एवढं खाली येताना जी ऊर्जा मोकळी होते ती सुमारे ३३३ किलोज्यूल. एक लिटर पाणी वीस अंश तापमानापासून उकळीपर्यंत न्यायला जवळपास एवढीच लागते. ही ऊर्जा मुख्यतः दोनच ठिकाणी जाते: वाऱ्यात किंवा ब्रेकमध्ये. सरळ ताठ बसून छातीवर वारा घेतला तर बराच भाग वारा खातो. पूर्ण उतारभर ब्रेक अर्धवट घासत, ताशी १२-१५ ने आलात तर वाऱ्याच्या वाट्याला फारसं काही येत नाही आणि जवळजवळ सगळी उष्णता रिमला किंवा डिस्कला जाते. रिम तापली की आतली ट्यूब तापते, हवेचा दाब वाढतो, आणि आधीच ठिगळ लावलेली ट्यूब वळणावर फुटू शकते. म्हणून घाटाआधी टायरवर लिहिलेल्या कमाल आकड्यापर्यंत हवा भरू नका. उतरताना सरळ भागात सायकल थोडी सुटू द्या, वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक ठाम दाबून वेग उतरवा, वळणात शिरताना ब्रेक सोडा. जळका वास आला तर थांबा, पाच-दहा मिनिटं उभी करा. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकडी होते.

‘पुढचा ब्रेक दाबू नकोस, कोलांटी खाशील’ हा सल्ला घरोघरी देतात. त्याने बरेच जण पडले आहेत. ब्रेक लागला की वजन पुढच्या चाकावर येतं. मागचं चाक हलकं होऊन घसरतं आणि थांबवत नाही. सपाट, कोरड्या रस्त्यावर ताशी ३० वरून दोन्ही ब्रेक नीट वापरले तर सात-आठ मीटरमध्ये थांबता येतं, नुसत्या मागच्या ब्रेकने चौदा मीटर लागतात. आठ टक्क्यांच्या उतारावर ताशी ४० ला हाच फरक अंदाजे १५ मीटर विरुद्ध ३७ मीटर इतका होतो. कोलांटी होते ती पुढचा ब्रेक झटक्यात आवळल्याने. हात ताठ, कंबर मागे, दाब वाढवत न्यायचा, एकदम नाही. हे मैदानात, मोकळ्या जागी, ताशी १५ वर वीस वेळा करून पाहा. आपल्याकडच्या बहुतेक सायकलींवर पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो, पण मागून आणलेल्या सायकलीवर बसण्याआधी खात्री करून घ्या.

पाऊस असेल तर गणित पुन्हा बदलतं. रिमवरचा पाण्याचा थर पुसला जाईपर्यंत पहिली दोन-तीन चक्रं ब्रेक जवळजवळ लागतच नाही. वळणाच्या बऱ्याच आधी हलका दाब देऊन रिम पुसून घ्यावी. जुन्या काळ्या सायकलींच्या चकचकीत स्टीलच्या रिम आणि रॉड ब्रेक ही जोडी ओल्यात सगळ्यांत दुबळी. ती घेऊन पावसाळ्यात घाट उतरू नये, हे स्पष्टच सांगितलेलं बरं. यवतेश्वरला जुलै-ऑगस्टमध्ये धुकं असं दाटतं की पुढचं वळण दिसत नाही. कठड्याच्या बाजूला शेवाळ धरतं, आणि पाण्याबरोबर आलेली बारीक खडी वळणाच्या आतल्या कडेला साठते. मोठी गाडी वरून येताना आतली बाजू कापते हेही धरून चाला. आपली बाजू सोडायची नाही, डावीकडे वळताना उजवा पायडल खाली, उजवीकडे वळताना डावा, आणि नजर चाकासमोर न ठेवता वळणाच्या पुढच्या टोकाला.

निघण्याआधी दोन मिनिटांची तपासणी पुरते. ब्रेकचा दांडा पूर्ण दाबल्यावर हँडलची मूठ आणि दांडा यांच्यात किमान बोटभर फट राहिली पाहिजे. मुठीला टेकत असेल तर वायर ताणून घ्या. ब्रेकच्या रबरावरच्या खाचा दिसेनाशा झाल्या असतील तर रबर संपलं. रबरात चमकणारे कण रुतले असतील तर सुईने काढा, ते रिम खरवडतात. रबर रिमवरच बसलं पाहिजे. टायरला लागलं तर टायर कापतं, रिमच्या खाली गेलं तर आऱ्यांत अडकतं. डिस्क असेल तर पॅडचा घासणारा थर मिलिमीटरभराच्या खाली गेला की बदला. चेनला तेलाचा स्प्रे मारताना डिस्कवर उडू देऊ नका. एकदा पॅडने तेल प्यायलं की घासून फारसा फायदा होत नाही, नवं घ्यावं लागतं.

आणि हेल्मेट, आता त्याच्या जागी. पुढची कड भुवयांच्या वर दोन बोटं. कानाखाली पट्ट्यांचा इंग्रजी व्ही. हनुवटीखाली एक बोट जाईल एवढीच सैल पट्टी. मान हलवल्यावर हेल्मेट वेगळं हललं तर ते मापाचं नाही. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून धड दिसलं तरी टाकून द्या, चेपलेला थर्माकोल पुन्हा चेपत नाही. ‘हेल्मेट फुटलं, डोकं वाचलं’ असे फोटो फिरतात, त्यांत एक बारकावा असतो: थर्माकोल चेपला असेल तर त्याने काम केलं, न चेपता नुसता तडकला असेल तर त्याने किती झटका खाल्ला हे फोटोवरून सांगता येत नाही.

व्हिडिओवरून निवाडा करण्यातही असाच बारकावा आहे. छातीवरच्या किंवा हँडलवरच्या छोट्या कॅमेऱ्याची काच रुंद कोनाची असते, त्यात अगदी घासून गेलेली गाडी लांबून गेल्यासारखी दिसते. मोबाइलवर झूम करून घेतलेल्या चित्रात उलट, दूर असलेल्या दोन गाड्या चिकटल्यासारख्या दिसतात. शिवाय बघणाऱ्याला शेवट आधीच माहीत असतो, त्यामुळे ‘एवढं दिसत होतं की’ असं वाटतंच. जखमी माणसाचा चेहरा दिसणारा व्हिडिओ पुढे पाठवू नका. त्याच्या घरच्यांना ती बातमी ग्रुपवरून कळते. आधी १०८. मदत करणाऱ्याला संरक्षण देणारं कलम मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलं आहे, नाव सांगण्याची सक्ती नाही.

सायकलफेरी नोंदवणाऱ्या स्ट्रावासारख्या ॲपवर उताराचा टप्पा आखून सगळ्यांत कमी वेळाची चढाओढ लावणंही थांबवायला हवं. तिथे एखादा टप्पा धोकादायक म्हणून नोंदवण्याची सोय आहे. घाटातल्या उतारांसाठी ती वापरा. चढाची स्पर्धा हवी तेवढी करा.

ग्रुपवरची चिडचिड रस्ता दुरुस्त करणाऱ्याच्या टेबलावर पोहोचत नाही. लेखी तक्रार पोहोचते, पण योग्य टेबलावर गेली तरच. रस्ता कोणाचा हे किलोमीटरच्या दगडाच्या डोक्याच्या रंगावरून कळतं: पिवळा म्हणजे राष्ट्रीय महामार्ग, हिरवा म्हणजे राज्यमार्ग, नारंगी म्हणजे ग्रामीण रस्ता. शहरातल्या गल्लीसाठी नगरपालिका, राज्यमार्गासाठी सार्वजनिक बांधकाम विभाग, आणि राष्ट्रीय महामार्गासाठी १०३३ हा क्रमांक आहे. ‘रस्त्याची चाळण झाली आहे’ असं लिहिलं तर त्यावर कोणी काही करू शकत नाही. असं लिहा: ‘किलोमीटर दगड अमुकच्या पुढे साठ पावलांवर, साताऱ्याकडे उतरताना डाव्या बाजूला, गटाराच्या जाळीच्या पट्ट्या रस्त्याच्या दिशेने आहेत, फट साडेतीन सेंटिमीटर. जाळी नव्वद अंशात फिरवून बसवावी. फोटोत मापासाठी फूटपट्टी ठेवली आहे.’ दोन फोटो जोडा: एक जवळून, पट्टीसह, दुसरा वीस मीटर मागून, सायकलवाल्याच्या डोळ्याच्या उंचीवरून, म्हणजे ती जाळी त्याला किती उशिरा दिसते हे बघणाऱ्याला दिसेल. पोचपावतीचा क्रमांक मात्र ग्रुपवर जरूर टाका, म्हणजे पुढचा माणूस त्याच जाळीची नवी तक्रार करण्याऐवजी त्याच क्रमांकावर विचारणा करेल.